गरगडी आबांनी काढली

शहादा,
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय हेमकांत आणि धुडकू,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, आईचा गुडघा सोडून. कापूस वेचायला माणसं मिळत नाहीत, ते नेहमीचंच.

आपल्या तिघा भावंडांची एक जुनी तक्रार आहे. दिवाळीला घरी यायचं आणि अर्धी सुट्टी शिडीवर काढायची. गिलाव्यातून सुटणारे खिळे, एकमेकींत अडकलेल्या माळा, आणि खालून आबांचं, "डावीकडे, अजून डावीकडे." सुरतेला आणि पुण्याला परतताना तुमच्या माना आखडलेल्या असायच्या.

विनाकारण राबण्याला पुण्य समजू नका, हे मी सभासभांतून बायकांना सांगत आले. म्हटलं, आता घरापासून सुरुवात करू. सत्तारभाई वायरमनला बोलावलं. त्यांनी पत्र्याच्या कडेने पक्क्या कड्या बसवल्या, माळांसाठी ओसरीत वेगळं बटण दिलं, आकाशकंदिलाला गरगडी लावली. खाली उभं राहून दोरी ओढायची, कंदील वर. आईने उगाच दोनदा ओढून पाहिली आणि हसत सुटली. आबा मात्र आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी विसरवाडीच्या सभेहून परतले, तर गरगडी अंगणात पडलेली, निम्म्या कड्या उपटलेल्या. मी भडकले. कष्ट कशाला म्हणायचे, सोय कशाला, माणसाने अंगाची नासाडी का करावी, सगळं बोलून घेतलं. आबा उजवा हात उपरण्याखाली घेऊन, डाव्या हाताने चहा पीत ऐकत होते.

आई म्हणाली, "तुन्हं भाषण व्हयनं का? आते त्यास्ना हात देख."

मनगट मोडलंय. गरगडी काढताना शिडी सरकली. तुम्हाला कळवायचं नाही असं त्यांनी बजावलं, आणि मी फोन करते तेव्हा ते शेजारीच बसलेले असतात. म्हणून मी कापसाचंच बोलत राहिले, आणि म्हणून हे पत्र.

दवाखान्याच्या बाकावर मी विचारलं, "आबा, का काढी टाकी?"

"खालथून दोरी वढीसन काम व्हई गयं, तर पोरं कसाले येतीन?"

"मांगला सालले तर शिडीच व्हती. तरी बी ते उनात का?" मागच्या दिवाळीला तुम्ही दोघं आला नव्हतात.

"सुट्टी नव्हती त्यास्ले," म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

एवढी वर्षं माईकसमोर कुणाला निरुत्तर केल्याशिवाय सोडलं नाही. त्या बाकावर मी नुसतं त्यांचं उपरणं सारखं करत बसले. थकले रे. शिडी कोठीत कुलूप लावून ठेवली आहे. ते रोज चावी मागतात, मी रोज नाही म्हणते. एका हाताने चढेन म्हणतात. चढतील. तुम्ही ओळखता त्यांना.

त्यांना पटवणं माझ्याच्याने होणार नाही. माझं ते ऐकतच नाहीत, मी तर इथेच असते.

हे वाचून झालं की दोघांनी आबांना फोन लावा. हात कसा आहे विचारू नका. म्हणा, "आबा, कड्या परत बसवून घ्या. घरात काहीच काम नसलं तरी आम्ही येतोय." मग कुठल्या गाडीने, तेही सांगा.

खोटं मात्र सांगू नका.

तुमची,
त्या फोनकडे कान लावून बसलेली
काजलताई