बाक, बेंच आणि माझा ल

धाकटे,

थोरलीचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं खुशाल आहे, माझे गुडघे सोडून. तुझी कंबर काय म्हणते? यजमानांचा खोकला गेला का? (त्यांना सांग, पंख्याखाली झोपू नका. ऐकणार नाहीत, पण सांग.)

तर बातमी अशी की मी कोर्टात जिंकले! दवाखान्याच्या चढावर मधोमध एक बाक होता, आठवतो ना? तू आलीस की आपण तिथेच बसून जगाची उणीदुणी काढायचो. तो पालिकेच्या माणसांनी एका सकाळी उचलून नेला. त्या दिवसापासून माझा चढ बंद. गुडघा अर्ध्या वाटेत बसतो आणि मला बसायला जागा नाही! दवाखान्यात जायचं तर सूनबाईने सुट्टी काढायची, आणि सुट्टी काढली की तिचं तोंड कसं होतं ते तुला ठाऊक आहे. (वाईट नाही गं ती. पण तोंड होतं.)

आपली नात वकील झालीय, तिने माझ्या नावाने याचिका केली. मी आधी भडकलेच, मी काय याचक आहे? ती म्हणाली, आजी, ही भीक नाही, हा हक्क. मग केली सही. आठ दिवसांनी तिचा फोन, "आजी, आपलं प्रकरण बेंचपुढे आलं!" मला वाटलं, बाक आला. काठी घेतली नि निघाले. अर्ध्या चढावर जाऊन बघते तर कुठे काय! तिथूनच फोन लावला. म्हणे बेंच कोर्टात आहे. म्हटलं, तिकडे कशाला नेला मेल्यांनी? तर म्हणे, दोघांचा बेंच आहे. "दोघांचा? अगं, आपला तर चौघींचा होता!" शेजारचा भाजीवाला पोट धरधरून हसला, पण त्यानेच मग टोपली उलटी करून मला बसवलं. न्यायाधीश जोडीने बसले की त्यांनाही बेंच म्हणतात, हे मला कुणी सांगायला नको?

निकाल पेपरात आलाय. मी बोट ठेवून दोनदा वाचला. चालण्याच्या हक्कात थांबून दम खाण्याचा हक्कही येतो, आणि लोकांच्या वापरातली वस्तू त्यांना न विचारता उचलायची नाही. आधी सुनावणी, मग उचलाउचली. तोवर बाक जागच्या जागी ठेवा. खालीच कायद्याच्या एका प्राध्यापकांनी लिहिलंय की कोर्टांनी आता बाकही मांडत बसायचे का, राज्यघटनेत बाक कुठे आहे? मी म्हटलं, गुरुजी, घटनेत गुडघाही नाही, पण माणूस आहे ना? (नातीने हे वहीत उतरवून घेतलं. पुढच्या खेपेला कोर्टात स्वतःचं म्हणून सांगेल.)

तर बाक परत आला! काल एकटी दवाखान्यात गेले, एकटी आले, आणि काही गरज नसताना अर्धा तास बाकावर बसले. सूनबाई समोरून गेली, तिला हात केला.

तुझी,
ताई

ता. क. येत्या सोमवारी पालिकेत सुनावणी आहे, बाक राहणार की जाणार ते तिथे ठरेल. त्यांचं म्हणणं, एका बाईच्या लेखी अर्जावरूनच बाक उचलला. धाकटे, ती बाई मी. मी लिहिलं होतं, "बाक उन्हात आहे, बसवत नाही, लवकर हलवा." त्यांनी वाचलं "हटवा". (तसं तर "लवकर"सुद्धा "टवकर" दिसतं, पण ते साहेबांनी मनानेच सुधारून घेतलं!) नातीला अजून सांगितलेलं नाही. तू शाळेत जायचीस आणि मला घरी पाटीवर ल काढून दाखवायचीस, तेव्हा निम्मा दोष तुझा. सोमवारी ये, आणि माझी जुनी पत्रं सगळी घेऊन ये, म्हणजे साहेबांना पटेल की माझा ल पहिल्यापासूनच ट आहे.

आणखी एक. हे पत्र मात्र आणू नकोस. यातले ल मी फार सांभाळून काढलेत.