आपला माणूस आणि रेवाची झोप

मंगळवार, संध्याकाळ. जयपूर

नवऱ्याच्या बदल्यांमागे गावोगाव फिरणाऱ्या आयांनो, परक्या गावात मराठी बोलणारा भेटला की आपण त्याला काही म्हणजे काही विचारत नाही! हे इथल्या मराठी मंडळात कडाडून बोलायला हवं. आज फक्त इथे डायरीत लिहिते आहे.

माझ्या रेवाला महिनाभर धड झोप नाही, कॉलेजला जाणं बंद. तिला इथल्या झालाना भागातल्या एका समुपदेशकाकडे नेत राहिले. का? मराठी आहे म्हणून. त्यातून आमच्या साताऱ्याचा निघाला, मग तर मी विरघळलेच. आज त्याने कागदाच्या पुडीत झोपेच्या गोळ्या दिल्या. औषधाचं नाव नाही, चिठ्ठी नाही.

"तुम्ही डॉक्टर आहात?" मी विचारलं.

"ताई, आपल्या माणसांत हे काय विचारता!" तो हसला.

हसला का? समुपदेशकाचं काम बोलण्याचं. औषध द्यायचं ते मानसोपचारतज्ज्ञाने, तो डॉक्टर असतो. हे मला ठाऊक होतं, तरी घेऊन आले. ती बिननावाची पुडी!

रिक्षात रेवाला विचारलं, "काय बोलतेस गं त्यांच्याशी?"

"कुछ नहीं. मतलब, आई, ते मराठीत विचारतात. मला एवढं मराठी कुठे येतं? मी नुसतं हो हो करते."

इतक्या खेपा, आणि माझी मुलगी हो हो करून परतली. कोणासाठी शोधला होता मी हा माणूस, तिच्यासाठी की माझ्यासाठी?

आता स्वतःलाच बजावते: गोळी द्यायची नाही. सकाळी तिला मोठ्या सरकारी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. तिला हिंदीत बोलू दे, आणि तू बाहेर बाकावर गप्प बस.