खारीला आलेली बिननावाची फ्रेम

॥ श्री ॥
खारी, भाईंदर पूर्व
१२ जानेवारी २०२५

चि. समिधा हिस आबांचे ओंजळभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं चिनी पार्सल एकदाचं पोचलं. कस्टमवाल्यांनी अडवलं तेव्हा तुझ्या बाबानं तर त्याचं तेरावंच घालून टाकलं होतं. काल दुपारी कुरियरवाला दारात उभा राहिला आणि अंकल साइन करो म्हणाला. मी सही केली, वर पेढा दिला. खोकं एवढं मोठं की वाटलं पलंगच आला, आणि उचलायला गेलो तर उशीसारखं हलकं.

उघडलं, आणि काय गं ती काळी! मिठागरातला चिखल सुकण्याआधी दिसतो ना, तशी मऊ काळी. कुठे नाव नाही, चिन्ह नाही. मागच्या आळीतला शिवदास बघायला आला. दोन फेऱ्या मारून म्हणाला की चाकं न्हाय, सीट न्हाय, हा हरणाचा सापळा हाय की काय. मी त्याला ऐकवलं की ही सायकलची फ्रेम, कार्बनची. माझी नात थेट कारखान्यातून मागवते, मधे दुकानदार नाही, वर बड्या कंपनीचं नाव चिकटवलेलं नाही, म्हणून परवडते. तुझं मागचं पत्र जवळजवळ पाठच होतं, म्हणून दाखवलं.

तुझ्या बाबाचं, धर्मेशचं, तोंड अजून वाकडंच. म्हणतो, बिननावाच्या वस्तूवर बसून पोरगी घाट उतरणार, उद्या मोडली तर कोणाच्या नावानं बोंब मारायची? स्वतः पूनम सागर कॉम्प्लेक्सातल्या दुकानात दिवसभर चायनाची मोबाईल-कव्हरं विकतो, तेव्हा याला नाव आठवत नाही. तुझी आई हसली तर तिच्यावरच उखडला.

मला मात्र आमची मीठ वाहायची होडी, आमचा पडाव आठवला. वडिलांनी वसईहून बांधून आणला तेव्हा त्यावरही नाव नव्हतं. भरतीला तो खाडीत उतरायचा आणि आम्ही पोरं बंधाऱ्यावर उभी राहून शाळेतली वाऱ्याची कविता बोंबलायचो. गुरुजी टेबलावर छडी आपटून जो ताल धरायचे, तो अजून कानात आहे. त्याच तालावर तुझ्या काळीसाठी दोन ओळी जमल्या:

नाव नाही, गाव नाही, अंगी काळा रंग
वाऱ्याशी ही बोलत जाता, वारा होई दंग

हसू नकोस. घरात नवीन आलेल्याचं जे करायचं असतं ते सगळं यथासांग केलं आहे. आज धर्मेशनं काशीमिऱ्याला तिला साताऱ्याच्या लक्झरीत चढवलं. कुरकुरत चढवलं, पण क्लीनरला चार वेळा बजावलं की वर सामान ठेवू नको.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नये.
तुझा आबा

*

सातारा
२८ जानेवारी २०२५

तीर्थरूप आबांना, पायांवर डोकं ठेवून समिधाचा नमस्कार. वि. वि.

तुमच्या दोन ओळी मी कागदावर लिहून खोलीच्या दाराला लावल्यात. माझी खोलीतली मैत्रीण निशिगंधा ब्रश करताना त्या म्हणते, आणि तालही बरोबर धरते.

काळी जोडून झाली. चढावर कुणीतरी पाठीला हात लावून ढकलतंय असं वाटतं, इतकी हलकी. पण आबा, एक गोष्ट आहे, ती फक्त तुम्हाला लिहितेय. उतारावर पुढचा ब्रेक दाबला की टक् असा आवाज येतो. एकदाच येतो, मग गप्प. प्रशिक्षक दत्ताराम सरांनी बेअरिंग काढलं, ग्रीस केलं, शेवटी नवीन बसवलं. आवाज जात नाही.

कारखान्यातल्या ज्या लिनबाईंकडून मी फ्रेम घेतली, त्यांना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. त्यांनी सांगितलं, नाण्यानं ठोकून बघा, कुठे बद्द वाजतं का. सरांना सगळीकडे सारखंच ऐकू येतं. मला पुढच्या बाजूला बद्द वाटतं. सर म्हणतात भीती माझ्या कानात आहे. लिनबाईंनी असंही विचारलं की फ्रेम कुठे पडली का, तिला कसला मार बसला का. मी ठणकावून लिहिलं की नाही, घरी आली ती बांधूनच, इथे आल्यावर भिंतीला टांगूनच. मग त्या म्हणाल्या की बनवण्यातच खोट असेल, दुसरी पाठवतो, पण महिना लागेल.

शर्यत नऊ फेब्रुवारीला. पहिल्या तिघी राज्याच्या संघात जाणार. घाट चढायचा आणि पलीकडे उतरायचा, आणि उतरताना वेग सत्तरच्या वर जातो. कार्बन लोखंडासारखा आधी वाकून सांगत नाही, आबा. वरून गुळगुळीत दिसतो, आत थर सुटलेले असतात, आणि जातो तेव्हा एका क्षणात जातो. त्या वेगात पुढची नळी गेली तर काय होईल ते मी लिहीत नाही.

तरी मी तिच्यावरच बसणार आहे. दोन वर्षं याच एका दिवसासाठी घालवलीत. बाबांना सांगू नका. त्यांना कळलं तर ते मला घरी नेतील, आणि वर जन्मभर ‘बघ, सांगितलं होतं’ म्हणत राहतील.

तुमच्या शब्दांनी जरा धीर येईल, म्हणून लवकर लिहा.
तुमची समिधा

*

॥ श्री ॥
खारी
३ फेब्रुवारी २०२५

चि. समिधा हिस आबांचे आशीर्वाद, नेहमीपेक्षा दुप्पट. वि. वि.

पत्र वाचून रात्रभर कूस बदलत होतो. सकाळी मात्र डोकं शांत झालं आणि वाटलं, पोर उगाच घाबरली आहे. तुझा सर म्हणतो तेच खरं, भीती कानातच असते. परीक्षेच्या आदल्या दिवशी मला पाठ असलेली कवितासुद्धा अर्ध्यावर तुटायची आणि सकाळी गुरुजींपुढे घडाघडा यायची.

आणि मार कसला बसणार तिला? आली ती रात्रभर देव्हाऱ्याजवळ होती. उलट तिचा जो मान झाला तो आपल्या घराण्यात पडावानंतर फक्त तिचाच. त्या दिवशी लिहायचं राहिलं, आता सांगतो. पडाव पहिल्यांदा पाण्यात जायचा तेव्हा घरातला वडीलधारा त्याच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या नाकावर, नारळ फोडायचा. जमिनीवर नव्हे, पडावावरच. गाडीपुढे रस्त्यावर नारळ फोडतात ती शहरातली रीत.

तुझ्या काळीला पाटावर उभी केली, तुझ्या आईला, विनिताला, धरायला लावलं, हळदकुंकू वाहिलं. हँडलपाशी दोन नळ्या मिळतात ना, तेच तिचं नाक. तिथे नारळ घातला. पहिल्या घावाला नुसताच ठण्ण आवाज. विनिता म्हणाली की आबा, उंबऱ्यावर फोडा. मी म्हटलं, वेडी की काय, तिचा नारळ उंबऱ्याला कसा देऊ? दुसरा घाव मिठागरातल्या हातानं घातला, तशी दोन सरळ शकलं झाली आणि पाणी तिच्या अंगावरून पाटावर ओघळलं. पुसून बघितलं तर साधा ओरखडा नाही. एवढं सोसून जी हूं की चूं करत नाही, ती तुझ्या ब्रेकला काय भीक घालणार?

तेव्हा निर्धास्त उतर. धर्मेशला काही बोललो नाही. पत्र स्पीड पोस्टानं टाकतो आहे, शर्यतीआधी मिळावं.

डोक्यावर हात आहे असं समज.
तुझा आबा

*

खारी
१० फेब्रुवारी २०२५, सकाळ

चि. समिधा हिस आशीर्वाद. वि. वि.

शर्यत काल झाली. अजून मला कोणी काही सांगितलेलं नाही.

शनिवारी संध्याकाळी तुझा बाबा दुकान अर्धवट बंद करून आला, गाडी काढली आणि गेला. कुठे, ते विनिता सांगत नाही. आधी म्हणाली माल आणायला वसईला, मग म्हणाली मित्राकडे. फोन लावून दे म्हटलं तर म्हणते रेंज नाही. मला फोनवर ऐकू येत नाही हे खरं, पण नुसता तुझा आवाज हलतोय एवढं कळलं असतं. काल भात करपला. या बाईनं पंचवीस वर्षांत कधी भात करपवला नाही. मी विचारलं की पोरगी पडली का, तर नाही म्हणाली आणि आत गेली.

शिवदासच्या नातवाला सांगून मोबाईलवर निकाल शोधायला लावला. त्याला सापडला नाही.

समिधा, हे पत्र तुझ्या हातात पडलं तर एक ओळ पाठव. नुसतं नाव लिही. तुझं अक्षर मी ओळखतो.

वाट बघणारा,
आबा

*

सातारा
१० फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आबा, नमस्कार. वि. वि.

मी धडधाकट आहे. हे आधी.

तुमचं पत्र शनिवारी दुपारी आलं. मी निशिगंधाला मोठ्यानं वाचून दाखवत होते. नारळापर्यंत दोघी हसत होतो. मग मी थांबले, आणि ती म्हणाली की हा परिच्छेद परत वाच.

सरांनी पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणारा चिमटा, काढून टॉर्चनं आत पाहिलं. खालच्या नळीत, जोडाच्या मागे, बोटभर चीर आहे. कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे थर सुटलेत. बाहेरून काहीच नाही. सर टॉर्च माझ्या हातात देऊन ओट्यावर बसले.

मी बाबांना फोन केला. वाटलं, आता बघ म्हणतील. त्यांनी एवढंच विचारलं की तुझी जुनी सायकल कुठे आहे. दुकानाच्या माळ्यावर होती, ती अल्युमिनियमची जाडी. ती गाडीच्या टपावर बांधून ते आले. चाकांत हवासुद्धा स्वतः भरली. तिच्यावर मी धावले. चढावर मागे पडले, उतारावर एकीलाही पुढे जाऊ दिलं नाही. अकरावी आले. यंदा संघ हुकला.

लिनबाईंनी दुसरी फ्रेम पॅक करून ठेवली होती, फुकट. मी त्यांना कळवलं की खोट तुमची नाही, आमच्याच घरी तिच्यावर नारळ फोडला. त्यांनी विचारलं, कशासाठी? मला इंग्रजीत सांगता येईना. शेवटी लिहिलं, मानासाठी. त्यांनी नमस्काराच्या दोन हातांचं चित्र पाठवलं.

बाबांनी आईला आणि मला बजावलंय की आबांना यातलं काही कळू द्यायचं नाही, म्हातारा माणूस हाय खाईल. मला ते पटलं नाही. राग आलाच, आबा, खोटं कशाला बोलू? दोन-दोन घाव! आई उंबरा दाखवत होती तरी! पण तो परिच्छेद तुम्ही लिहिला नसता तर काल मी काळीवरच बसले असते. हे दोन्ही मला एकदमच वाटतं, कुठलं आधी लिहू ते कळेना, म्हणून दोन्ही लिहिलं.

रागासकट जीव तुमच्यावर आहेच.
तुमची समिधा

*

खारी
१५ फेब्रुवारी २०२५

चि. समिधा हिस आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. उघडायच्या आधी पाकिटावरचं अक्षर बघून मी पायरीवर बसलो. विनिता धावत आली, तिला वाटलं चक्कर आली.

राग लिहिलास ते बरं केलंस. तो माझा वाटा आहे, मला पोचला. तुझा संघ माझ्या हातानं गेला, त्याची भरपाई माझ्याजवळ नाही, आणि गोड बोलून ती करूही पाहत नाही.

धर्मेशला संध्याकाळी समोर बसवलं. म्हटलं, मला कळलं आहे, आता तोंड लपवू नकोस. तो म्हणाला की तुमच्या जिवाला लागू नये म्हणून गप्प बसलो. मी त्याला म्हटलं, अरे, पोरीनं भीती लिहिली म्हणून मी नारळ लिहिला, आणि नारळ लिहिला म्हणून ती आज चालते आहे. तिनं मला घाबरवायला नको म्हणून गप्प बसायचं ठरवलं असतं तर आपण दोघं आज कुठे बसलो असतो? उठताना म्हणाला की माल चांगला होता, आपणच फोडला. चायनाबद्दल तुझ्या बाबाच्या तोंडून हे निघालं, लिनबाईंना कळव.

आता माझं ऐक. इथून पुढे मला जपून लिहायचं नाही. पडलीस तर पडले लिही, खरचटलं तर कुठे ते लिही. मी अजून एवढा म्हातारा झालेलो नाही की मला करपलेला भात वाढून गप्प बसवावं.

आणि काळी भंगारात देऊ नकोस. पुढच्या रविवारी धर्मेश तुझ्याकडे येतो आहे, त्याच्या गाडीत मीही आहे. टॉर्चनं मला नीट दिसायचं नाही. सरांना म्हणावं, पुढचा तो भाग मोकळा काढून ठेवा. मला त्या चिरेत बोट घालून बघायचं आहे.

राग उरला असेल तेवढा प्रत्यक्ष दे, लोभ मग बघू.
तुझा आबा,
परशुराम