डोळे दाखवायला गेलो आणि हातात बाटली आली

ताई,

तुझ्या पाया पडतो. मनातल्या मनात, कारण वाकलं की डोळे ठणकतात. तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला? अक्षर बघून दचकू नकोस. मी सांगतोय आणि तुझी भावजय लिहितेय. उजेड सोसत नाही म्हणून महिनाभर मी शिवणाच्या दुकानातही काळा चष्मा लावून बसतो. (परवा एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच शिवल्या. – लिहिणारी) हिला मध्ये मध्ये बोलायची सवय आहे, तू लक्ष देऊ नकोस.

तर डोळे लालबुंद. गिऱ्हाइकांना वाटलं मी पितो. शेजारच्या न्हाव्याला वाटलं घरात भांडण झालं. (झालं, पण त्या बाटलीवरून, आणि ते नंतर.) डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब दिले, बरं वाटलं, थेंब संपले, पुन्हा लाल. तिसऱ्या खेपेला बाईंनी यंत्रातून आत डोकावून पाहिलं, थकवा येतो का, वजन उतरलं का, असं काहीबाही विचारलं आणि हातात काय ठेवलं? लघवीची बाटली! अगं, मी डोळे दाखवायला गेलो होतो! गिऱ्हाईक कॉलर दाखवायला आलं तर मी त्याच्या चपला काढून बघतो का? तावातावाने घरी आलो आणि बाटलीत शर्टाची बटणं भरून ठेवली. छान मावली. (पंधरा दिवस होती. मग मी दुसरी बाटली आणली आणि संडासाच्या दाराशी उभी राहिले.)

रिपोर्ट आला. बाई म्हणाल्या, डोळ्यांच्या आत सूज आहे तशी मूत्रपिंडांनाही आहे; काही जणांना दोन्ही जोडीनं होतं. म्हणजे मूत्रपिंडं गप्प बसली आणि डोळ्यांनी बोभाटा केला. आता किडनीचे डॉक्टर म्हणतात, पाठीतून सुई घालून कणभर तुकडा काढू, तपासू, मग गोळ्या. माझ्या पाठीत सुई! तीस वर्षं सुया चालवल्या, पण कापडात. मी सरळ नाही म्हणून सांगितलं. गोळ्या द्यायच्या तर अशाच द्या. तू काळजी करू नकोस, आणि धावत तर मुळीच येऊ नकोस.

तुझा धाकटा

ता. क. खरंच येऊ नकोस. आलीस की रागावशील.

ता. क. दुसरा : ताई, हे मी माझ्या मनानं लिहितेय. ते डोळे मिटून पडलेत. डॉक्टर म्हणतात, वेळेत उपचार झाले तर मूत्रपिंडं सावरतील, उशीर झाला तर सांगता येत नाही. गुरुवारची वेळ मी परस्पर घेऊन ठेवलीय. तुम्ही बुधवारीच या. तुमच्यापुढे त्यांचं काही चालत नाही. मला फार भीती वाटतेय हो. काल मशीनवर डोकं टेकून बसले होते, गालांवरून पाणी. मला म्हणाले, थेंब घातलेत ना, त्याचं आहे. मी हो म्हटलं. थेंबांची नवी बाटली माझ्याच हातात होती, अजून उघडलीही नव्हती.