भाचीची अडलेली सुरक्षा मंजुरी आणि माझा दारातला जबाब

प्रति,
मा. सुरक्षा पडताळणी अधिकारी,
बिनतारी संदेश विभाग.

विषय : माझा तोंडी जबाब रद्द करून फेरचौकशी करण्याबाबत.
संदर्भ : भाचीस आलेले आपले ‘कारणे दाखवा’ पत्र.

महोदय,

१. आपल्या विभागातील ही लिपिक माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ-भावजय गेल्यापासून माझ्याजवळ असते. सांकेतिक संदेशांच्या खोलीत तिची नेमणूक व्हायची आहे. आपल्या पत्रानुसार तिने फॉर्मात बँकेचे कर्ज दाखवले. परंतु घरातील वृद्ध महिलेने चौकशीत कर्ज नसल्याचे व मुलगी परदेशी गेल्याचे सांगितले. सबब तिचा पैसा आणि तिचे संबंध दोन्ही संशयास्पद ठरले. महिनाअखेरपर्यंत खुलासा न झाल्यास जागा दुसऱ्याला जाईल. ती वृद्ध महिला मीच.

२. कर्ज खरे आहे. भावाचा छापखाना बुडाला. तो गेल्यावर कागदवाल्यांची देणी भागवायला मुलीने स्वतःच्या नावावर कर्ज काढले. हप्ता पगारातून जातो, चुकलेला नाही.

३. आता माझ्या जबाबाविषयी. छापखाना बुडत असताना भावाचे बिऱ्हाड आणि मी एकाच घरात, आणि वसुलीवाले रोज दारात. आमच्या ओळखीतले सगळे, अगदी दूधवाला आणि शिंपीसुद्धा, आम्हाला टोपणनावानेच ओळखत. म्हणून भावाने घरात नियम केला, की जो दारात पूर्ण नाव घेईल तो वसुलीवाला. त्याला सांगायचे, माणूस परदेशी गेला. या हिशेबाने माझा भाऊ कपाटामागे गुडघे पोटाशी घेऊन किती देश फिरून आला, त्याची गणती नाही. भाऊ गेला, सवय राहिली.

४. आपला माणूस साध्या कपड्यांत आला. ओळखपत्र दाखवले नाही. मुलीचे नाव बापाच्या नावासकट, आडनावासकट घेतले आणि कर्ज किती म्हणून विचारले. मी म्हटले, छदामाचेही नाही, आणि ती परदेशी गेली. मग घर कसे चालते, असे त्याने विचारले. मी सांगितले, कुणीतरी पैसे पाठवते. कोण, म्हणाला. नाव सांगायची मनाई आहे, असे मी उत्तर दिले. तो गालात हसला आणि सगळे लिहून घेतले. वसुलीवाला कधी हसत नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते.

५. पत्र आल्यावर मुलीने ते दोनदा वाचले. मग एवढेच म्हणाली, “आत्या, कर्ज असलेलं त्यांना चालतं गं. लपवलेलं चालत नाही. मी तर काहीच लपवलं नव्हतं.”

६. माझ्या यजमानांच्या नोकरीच्या वेळी चौकशीला गणवेशातला शिपाई आला होता. ओट्यावर बसला, पाणी प्यायला, शेजाऱ्यांना हाक मारून सगळ्यांसमोर विचारले. कोण विचारतो आणि का, हे गल्लीला माहीत होते. आताचा तो गृहस्थ तुमचाच होता, याची मला अजून खात्री नाही. बँकेने पाठवलेला आणि तुम्हाला जाऊन मिळालेला, असाही असू शकेल. कृपया तपासावे.

७. खरे ते सांगते : मी स्वभावाने संशयी आहे, त्यामुळे पत्र वाचून मला मुलीचाही संशय आला. कर्जापायी माणूस गुपित विकतो अशी आपणांस भीती आहे, तर तिला पारखावे, असे मनात आले. ती कार्यालयात नेमके काय करते हे मी वर्षानुवर्षे विचारते आहे. “कागद लावते” यापलीकडे उत्तर नाही. गेल्या रविवारी मी माझी सोन्याची साखळी तिच्यापुढे ठेवली. म्हटले, कर्ज आजच फिटेल, फक्त तिथे काय चालते ते एकदा सांग. मी म्हातारी, कुणाला सांगणार?

तिने साखळी उचलली, माझ्या गळ्यात घातली, मागचा आकडा लावला आणि म्हणाली, “आत्या, असं परत विचारू नकोस. विचारलंस तर मला तुझंही नाव कळवावं लागेल.”

ती चेष्टा करत नव्हती. मी त्यानंतर विचारलेले नाही.

८. तरी माझा जबाब रद्द व्हावा, आणि कर्जफेडीच्या आमिषापुढे ही मुलगी कशी वागते याचा साक्षीदार म्हणून माझे नाव फायलीत घ्यावे. ते नाव तिने स्वतःच आधी कळवले असल्यास हा अर्ज तिच्या त्या पत्रालाच जोडावा.

खरे बोलण्यास आता तयार असलेली,
(सही)
कर्मचारी मुलीची आत्या
दिनांक : टपालाच्या शिक्क्याप्रमाणे

सोबत : हप्त्यांच्या पावत्यांच्या प्रती. मूळ पावत्या ओळखपत्र दाखवणाऱ्यासच मिळतील.