पट्टा लाव, भाग्येश

१० नोव्हेंबर

पोचले एकदाची! चिपळूणहून निघताना आईने इतके लाडू बांधून दिले की जणू मी सीमेवर लढायला चालले होते. बाबांनी घेऊन दिलेली नवी पांढरी गाडी मी एकटीने इथवर चालवत आणली, याचा मला स्वतःलाच फार अभिमान वाटतोय. शहाद्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचं आहे. शहाद्यात मनाजोगी खोली मिळेना, म्हणून तापीकाठच्या या गावात चुनीलालकाकांच्या घराचा वरचा मजला घेतला. खिडकीतून केळीच केळी दिसतात, त्यामागे ऊस. कोकणातल्या मुलीला एवढं सपाट बघायची सवय नाही, नजर कुठे थांबतच नाही.

मंगलाकाकूंनी जेवायला कळण्याची भाकरी आणि भरीत वाढलं. ठसक्याने डोळ्यांत पाणी आलं, तरी दोनदा मागून घेतलं. त्यांची मुलगी सीमा दहावीत आहे. ती माझ्या पुस्तकांभोवतीच घुटमळत होती.

गावाच्या तोंडाशी मात्र एक गंमत झाली. हातात लाल फडकं घेतलेल्या एका माणसाने गाडी अडवली. मला वाटलं, वर्गणी असेल. त्याने वाकून माझा सीटबेल्ट पाहिला, मान डोलावली, मग रिकाम्या मागच्या सीटकडे बघून म्हणाला, मागच्यांनी पण पट्टा लावायला पाहिजे. मागे कुणी नाही हो, असं मी हसून सांगितलं. तो हसला नाही.

१२ नोव्हेंबर

ती गंमत नव्हती.

चौकात एक मोठा फलक आहे. चार मुलांचे फोटो, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. उन्हाने चेहरे पार पांढरे पडलेत, पण फलक कुणी उतरवत नाही. त्यातला पहिला भाग्येश, काका-काकूंचा मुलगा. मी राहते ती खोली त्याची होती.

काकांनी स्वतःच सांगितलं. काल संध्याकाळी ओट्यावर बसून, शेतातलं काही सांगावं तितक्या साध्या आवाजात. गेल्या फेब्रुवारीत बारावीचा निरोप समारंभ होता. भाग्येशने काकांची गाडी नेली. मागे रूपा, मिथुन आणि लखन. पाटचारीच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्याच्या, वळणावर उसाची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही. गाडी वेगात होती. पट्टा कुणीच लावलेला नव्हता. चौघंही बाहेर फेकली गेली.

मग काका म्हणाले, की पट्टा लावला नाही की गाडी ‘टिंग टिंग’ करायची, त्याचा त्यांना वैताग यायचा. म्हणून त्यांनीच बाजारातून नुसती बक्कलं आणून सगळ्या खाचांत अडकवून ठेवली होती. “गाडी गप बसली,” ते म्हणाले.

पुढची सीट सीमाची होती. त्या दिवशी तिला ताप आला म्हणून ती राहिली.

लाल फडक्यावाले नथ्थूआप्पा म्हणजे रूपाचे वडील. शेत भावाकडे देऊन ते दिवसभर रस्त्यावर उभे असतात. येणारी-जाणारी प्रत्येक गाडी थांबवतात. गावात कुणी त्यांना हटकत नाही, सगळे मुकाट्याने थांबतात.

सीमाला रोज माझ्याबरोबर शहाद्याला शाळेत नेते, असं मी आपणहून म्हटलं. आज सकाळी काकूंनी स्वतः सीमाचा पट्टा लावला आणि घट्ट आहे का ते दोन्ही हातांनी ओढून पाहिलं.

१८ नोव्हेंबर

आज पाटचारीच्या वळणावर गाडी वाजायला लागली. मागच्या सीटवर माणसं आहेत, त्यांनी पट्टे लावलेले नाहीत, असं समोरचे लाल दिवे सांगत होते. तिन्ही जागांचे. दप्तर, पिशव्या सगळं डिकीत होतं. बाजूला थांबून मागचं दार उघडलं. रिकामं. सीट हाताने दाबून पाहिली. आवाज चालूच.

सीमा पुढे बघत बसली होती. तिने विचारलं नाही, की काय झालं.

शहाद्याला पोचेपर्यंत आवाज होता. गॅरेजवाला म्हणाला, सेन्सर खराब असेल. बदलून दिला त्याने.

२२ नोव्हेंबर

नवा सेन्सर, तरीही तेच वळण आणि तेच तीन दिवे. गॅरेजवाला म्हणाला, कारण सापडेपर्यंत रिकाम्या सीटचेच पट्टे लावून टाका. लावले. गाडी शांत झाली. किती बरं वाटलं!

घरी आल्यावर पट्टे सोडायला मागे वाकले. सकाळी ते सीटला चिकटून होते. आता पुढे आलेले होते, अंगावरून गेल्यासारखे फुगीर. कडेचे दोन सैल. मधला जरा आखूड, बारीक अंगाच्या माणसाला बसेल एवढा. मी ओढून पाहिलं. आत जाईनात. बक्कल दाबलं आणि तिन्ही एकदम सटकन मागे गेले.

सीट कोमट होती. गाडी उन्हात उभी होती, त्यामुळे असेल.

२६ नोव्हेंबर

मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. सीमाने सांगितलं असणार.

सकाळी खाली उतरले तर गाडीपाशी माणसं उभी. मिथुनची आई, लखनची आई, नथ्थूआप्पा. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मागची दारं उघडली आणि रिकाम्या सीटवर एकेक पट्टा लावला, अगदी सावकाश, झोपलेल्या मुलाला पांघरूण घालावं तसा. लखनची आई काहीतरी पुटपुटत होती. नथ्थूआप्पांनी मधल्या सीटवर हवेत हात फिरवला. मुलीचं डोकं जिथे असेल, तिथे.

मी रागावायला हवं होतं. पण त्यांचे चेहरे बघून मी बाजूला झाले.

मंगलाकाकू शेवटी आल्या. गाडीभोवती फिरल्या, प्रत्येक काचेतून आत पाहिलं. मग मला विचारलं, “पोरी, मन्हा भाग्येश कोठे बसेल शे?”

तो कुठे बसलाय? मी मागचे तीन पट्टे मोजले, मग माझ्या सीटकडे पाहिलं.

२९ नोव्हेंबर

नीट लिहायला हवं, म्हणजे मलाच कळेल.

परतताना मागचे तिन्ही पट्टे लावलेले होते. सीमाचा लावलेला. माझाही. वळणाच्या अलीकडे गाडी वाजायला लागली. दिवा चालकाचा. मी माझा पट्टा चाचपला, बक्कल काढून परत लावलं. पट्टा माझ्या छातीवर होता आणि गाडी सांगत होती, की चालकाने पट्टा लावलेला नाही.

मग पाय जड झाला. माझाच पाय, पण त्यावर दुसरा पाय ठेवल्यासारखा. काटा वर चढू लागला. समोर उसाच्या बैलगाड्या. मी ब्रेक शोधत होते आणि माझे हात स्टिअरिंगवर तबल्यासारखा ठेका धरत होते. मी असं कधी करत नाही.

सीमा म्हणाली, “दादा, हळू ना.”

माझ्याकडे बघून. मला नव्हे.

पाय हलका झाला. ब्रेक लागला. बैल अगदी काचेपाशी होते.

१ डिसेंबर

चावी काकांना दिली. त्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं. मी नोकरी सोडतेय म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली, कारण विचारलं नाही. बाबा मला न्यायला निघालेत. सीमा आता एसटीने जाईल.

गाडी बंद केली म्हणून काकू बोलत नाहीत माझ्याशी.

सीमा मात्र शाळेतून आली की गाडीच्या काचेला गाल लावून उभी असते. बोलते, हसते. आज मी तिला ओढून बाजूला घेतलं. ती म्हणाली, मॅडम, दादाने अजून पट्टा लावला नाही. तो कुणाचंच ऐकत नाही, फक्त माझं ऐकतो. त्या दिवशी मी असते तर त्याने लावला असता.

ती रडत नव्हती. म्हणाली, पुढची सीट अजून माझीच आहे.

हे मी काकांच्या कानावर घातलं. दाराआड काकू उभ्या होत्या —

३ डिसेंबर, दुपार

बॅग भरून झाली. बाबा धुळ्यापर्यंत आलेत.

खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज. चावी तर कपाटात —

खिडकीतून बघतेय. कपाट काकूंनी उघडलं असणार. काका शेतावर आहेत. मागचे पट्टे लावलेले. फुगीर. चालकाच्या सीटवर कुणी नाही. काकूंनी सीमाचा हात धरलाय. तिला पुढे बसवताहेत. रडताहेत, तिच्या केसांवरून हात फिरवताहेत. “तुन्हं ऐकस तो. सांग त्याले, बेटा. सांग त्याले.”

पट्टा ओढून पाहिला दोन्ही हातांनी. दार लावलं.

गाडी हलली. आपोआप —

मी खाली जाते —

३ डिसेंबर

सीमा बाहेर आहे. वाचणाऱ्याने आधी हे वाचावं. सीमा सुखरूप आहे. फाटकापाशी दार उघडून, आत वाकून मी तिचं बक्कल सोडलं, तिला बाहेर ढकललं. काकूंनी तिला पोटाशी धरलं, ते मी पाहिलं.

मी आत पडले. दार लागलं. उघडत नाही. काच फुटत नाही. पट्टा माझ्या अंगावर आला, मी लावला नव्हता.

नथ्थूआप्पा रस्त्यात आडवे आले होते. गाडी त्यांना चुकवून गेली. ते मागे धावताहेत, लाल फडकं हलवत.

ही वही खांद्यावरच्या पिशवीत टाकूनच धावले होते. बाबा, अक्षर वाईट आहे, गाडी फार —

मागून हसण्याचा आवाज. मुलीचा. मग गाणं. समारंभाहून निघाल्यासारखी सगळी खुशीत.

शेजारी कुणी नाही. स्टिअरिंगवर ठेका मात्र ऐकू येतोय.

दिवा लाल. फक्त त्याचा.

सांगितलं त्याला. भाग्येश, पट्टा लाव. आई वाट बघतेय. हळू. तो ऐकत नाही. मी सीमा नाही.

मीच ओढतेय त्याचा पट्टा. अर्ध्यावर अडतो. छातीला लागतो. छाती आहे — थंड, ओली —

पाटचारी दिसतेय. ट्रॉली उभी आहे. खरी की —

पुन्हा ओढते. त्याने मान वळवली माझ्याकडे. घाबरलाय. पोरगा घाबरलाय —

आला पट्टा, खाचेपाशी आला, आता फक्त