भिंतीचं तोंड

बाबा, पण तुम्ही सरळ सांगायचं होतंत ना! "भिंतीचं तोंड बंद केलंस" एवढंच बोलून हातपाय धुवायला गेलात. त्यातून मी काय समजायचं? बुवापाड्यातली आपली खोली म्हणजे जुन्या दगडी वखारीचा तुकडा, तिथे पूर्वी मिठाची पोती रचायचे, हे मला ठाऊक होतं. पण मला दिसायचं एवढंच, की भिंतीचा चुना झडतो आणि आईच्या पिठाच्या डब्यावर भुगा पडतो. दर दिवाळीला तुम्ही पुन्हा चुना लावायचात. पोरं हसायची, "मिस्त्रीच्याच घराला प्लास्टर नाय!" म्हणून तुम्ही कामावर असताना मी सिमेंट मारलं, एकदम गुळगुळीत. संध्याकाळी घरी आल्यावर तुम्ही तेवढंच एक वाक्य बोललात.

तुम्ही गेल्यानंतर मीही मिस्त्रीकामाला लागलो, आता कोचीला आहे. मसाल्याच्या जुन्या वखारीचं हॉटेल होतंय. इथल्या आर्किटेक्ट मॅडम आधी भिंती तपासतात, ओल कुठून चढते, मीठ कुठे साठलंय, आत एसी बसला की दगडाचं काय होईल. एका कोपऱ्यात कुणीतरी पूर्वी सिमेंट मारलेलं. मी बोटानं ठोकतो, पोकळ वाजतं. मागचा भुगा जिभेला लावतो, तुम्ही लावायचात तसा. आजोबा मिठागरात राबलेले, त्यांची ही सवय. मॅडम ओरडतात, "अरे, थूको! खा क्या रहे हो?" मी म्हणतो, "नमक है मॅडम. सिमेंट निकालो."

नमुना तपासला, मीठच निघालं. मग त्यांनीच समजावलं. सिमेंट ओल कोंडतं, मीठ मागे दगडातच फुगतं, दगड सोलत जातो. चुना झडतो तो दगडाच्या बदल्यात. म्हणजे आपला चुना झडायचा ते त्याचं कामच होतं. हे बोलायला तुम्हाला किती वेळ लागला असता?

परवा आईचा फोन आला. "ओट्यामागचा पोपडा धाडकन पडला रे, दगड घेऊन आला. मी बाजूलाच होते." मी म्हटलं, सगळं सिमेंट उतरव, बाबांच्या जोडीदार काकांना बोलव, चुनाच लावायला सांग. ती म्हणाली, "तुझ्या बाबांना कळत नव्हतं का? मी म्हटलं होतं काढा म्हणून. म्हणाले, राहू दे, पोरानं हौसेनं केलंय."

मॅडमना मी सांगितलंय, हे सगळं बापानं शिकवलं. खरं तर तुम्ही शिकवायला बसलात की मी उठून जायचो. आईला भिंतीसाठी साडेअकरा हजार पाठवतोय.